मेजर ठरवण्याआधी टीवायचा अभ्यासक्रम उघडा

मेंटॉर म्हणून माझ्याकडे येणाऱ्या एफवायच्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, स्कोप कशाला आहे?" मी त्यांना टीवायचा अभ्यासक्रम घेऊन यायला सांगते. पहिल्या वर्षाचा नको, तिसऱ्याच वर्षाचा. पहिल्या वर्षाचे पेपर विषयाची तोंडओळख करून देतात. विषयाचा खरा कस पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला लागतो आणि तोवर मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलायला वाव उरत नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाची पीडीएफ असते.

मानसशास्त्राचंच बघा. माणसं अशी का वागतात हे जाणून घ्यायची ओढ असलेली मुलं हा विषय मागतात आणि ती ओढ खरी असते. पण पुढे संख्याशास्त्र येतं, प्रयोग येतात, चाचण्यांची विश्वसनीयता आणि यथार्थता येते, जर्नल वेळेवर पूर्ण करावं लागतं. ज्यांना हे आधी माहीत असतं ती मुलं आनंदाने करतात. म्हणून पीडीएफची प्रिंट काढा आणि प्रत्येक पेपरच्या घटकांवर पेन्सिलने खुणा करा: हे मनापासून वाचेन, हे कष्टाने जमेल, हे नकोच. तिसऱ्या प्रकारच्या खुणा अर्ध्याहून जास्त झाल्या तर विषयाचं नाव कितीही आवडत असो, थांबा.

मग ग्रंथालयातून जुन्या प्रश्नपत्रिका घ्या. उत्तरं अर्थातच येणार नाहीत. प्रश्न वाचून पुढे वाचावंसं वाटतं का, एवढंच तपासायचं. दहावीनंतर गणित सुटलेली एक मुलगी राज्यशास्त्र पक्कं करून आली होती. तुलनेसाठी मी तिच्यापुढे अर्थशास्त्राचीही प्रश्नपत्रिका ठेवली. त्यात किंमत आणि मागणीचा तक्ता देऊन मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, ते काढायला सांगितलं होतं. मी सूत्र सांगितलं. तिने कागद उलटा करून तिथेच आकडेमोड केली आणि विचारलं, "असं अजून एक आहे का?" तिने मेजर अर्थशास्त्र घेतलं, मायनर, म्हणजे दुय्यम विषय, राज्यशास्त्र.

वर्गाबाहेर टीवायच्या मुलांना गाठा. 'विषय कसा आहे?' असं विचारलंत तर 'छान आहे' एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, गेल्या आठवड्यात काय केलं, कुठे अडलात, जर्नल दाखवता का.

आता क्रेडिटचा, म्हणजे तासांवरून ठरणाऱ्या श्रेयांकांचा हिशेब. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे ३०. म्हणजे दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला चार क्रेडिटच्या थिअरीइतकाच, ६० तासांचा वेळ जातो. लांबून एसटीने येणाऱ्या किंवा संध्याकाळी काम करणाऱ्या मुलांनी फॉर्म भरण्याआधी वेळापत्रक बघायलाच हवं.

ओपन इलेक्टिव्ह (आवडीने निवडायचा जादा विषय) दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचं असतं. 'सोपं कोणतं?' म्हणून ते वाया घालवू नका. मनात घोळणारा एखादा विषय चाखून बघायची याहून स्वस्त संधी मिळत नाही. पहिल्या वर्षानंतर त्याच व्यापक शाखेत मेजर बदलण्याची सोय यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या आराखड्यात आहे, पण जागा आणि मुदत कॉलेजनुसार बदलते. ती तारीख ऑफिसात आधीच विचारून ठेवा.

पुढचं ध्येय ठरलेलं असेल तर तिथून उलटे या. एमएससी करायची असेल तर त्या प्रवेशाची पात्रता आजच वाचा. मायनरवर प्रवेश मिळेल असं गृहीत धरू नका. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, म्हणजे एफवायचे गुणही मोजले जातात. आणि एमपीएससी किंवा यूपीएससी करायचीय म्हणून नावडतं राज्यशास्त्र घेऊ नका. राज्यसेवेला आणि नागरी सेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुख्य परीक्षेचा वैकल्पिक विषय तुमच्या पदवीचाच असावा लागत नाही.

पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, हे ऐकून काही पालक निर्धास्त होतात. त्यांना मी स्पष्ट सांगते: त्यासाठी ४० क्रेडिट आणि त्यावर ४ क्रेडिटचा व्यवसायाभिमुख कोर्स किंवा इंटर्नशिप लागते आणि प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. जिथे पदवी मागतात तिथे ते चालणार नाही. घरची अडचण असेल तर हा मार्ग जरूर घ्या. तीन वर्षांच्या आत परत येता येतं.

मेंटॉरकडे येताना गुणपत्रिका, खुणा केलेला अभ्यासक्रम आणि दोन पर्याय लिहिलेला कागद आणा. आई-बाबांचं मत वेगळं असेल तर तेही लिहा, त्यांनाही सोबत आणा. खुणा केलेली पानं समोर असली की बोलणं सोपं जातं. फॉर्म भरल्यावर त्याची प्रत जपून ठेवा आणि प्रत्येक निकालानंतर अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (मिळवलेली क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन) खात्यात क्रेडिट जमा झालीत का ते बघा. नसतील तर परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.