हेफेवाइत्सेन: ओतण्यातच निम्मी परीक्षा

बव्हेरियातली न गाळलेली गव्हाची बिअर, हेफेवाइत्सेन, ताजीच घ्यावी. ती मुरवत ठेवली तर काही महिन्यांत तिचा वास मंदावतो. आदल्या रात्री बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा, आडवी नाही. ७-८ अंश तापमान पुरे. बर्फगार बिअरला वासच येत नाही.

लोक चुकतात ते ओतताना. अर्ध्या लिटरच्या बाटलीला अर्ध्या लिटरचाच उंच वाइत्सेन ग्लास लागतो, कारण फेसासाठी वर जागा त्यातच सोडलेली असते. ग्लास थंड पाण्याने विसळा आणि पुसू नका. कोरड्या काचेवरची धूळ आणि फडक्याचे धागे बुडबुड्यांना खतपाणी घालतात, मग अर्ध्या ग्लासातच फेस उतू जातो.

ग्लास ४५ अंशांत तिरका धरा. बाटलीचं तोंड काठाला टेकवून बारीक धार आतल्या बाजूने सोडा. बाटलीतून ‘गुडगुड’ आवाज आला की समजा, कल जास्त झाला: हवा गचके देत आत शिरतेय, तळाचं यीस्ट उठतंय. कल इतकाच ठेवा की बिअर खालून वाहील आणि हवा वरून गुपचूप आत जाईल. ग्लास भरत येईल तसा सरळ करा आणि बाटलीत दोन बोटं बिअर उरली की थांबा.

आता वास घ्या, एक घोट घ्या. मग उरलेली बिअर बाटलीतच हलक्या हाताने फिरवा, गाळ सुटू द्या, आणि मधोमध ओता. पुन्हा चाखा. यीस्टमुळे बिअरच्या दाटपणात किती भर पडली, हे असंच कळतं. बाटली ग्लासात उलटी खुपसून हळूहळू वर ओढायची कसरत दिसायला छान, पण त्यात ही तुलनाच हातची जाते. शिवाय बाटलीची बाहेरची घाण बिअरमध्ये.

फेस दाट हवा आणि टिकायला हवा. दोन मिनिटांत विरला तर आधी ग्लासाचा साबण आणि ओठांवरचं वेफर्सचं तेल तपासा, बिअरला दोष नंतर द्या. लिंबू अजिबात नको. फेस मोडतो आणि बिअरचा लवंगेसारखा वास झाकला जातो.

केळं आणि लवंग हे दोन वास मुख्य. दोन्ही यीस्टचे, फळ किंवा मसाला कुणी टाकलेला नसतो. केळ्यामागे आयसोअमाइल ॲसिटेट, लवंगेमागे ४-व्हिनाइलग्वायकोल ही संयुगं. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवताना सुमारे ४५ अंशांवर थांबलं तर लवंग वाढते. श्नायडर या बव्हेरियन ब्रुअरीच्या मूळ बिअरमध्ये लवंग पुढे, फ्रायझिंग गावच्या वाइहेनस्टेफान ब्रुअरीच्या बिअरमध्ये केळं जास्त. एकाने दुसऱ्याला पार गिळलं असेल तर गुण कापा.

चवीत कडूपणा नावालाच, ८ ते १५ आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक). माल्टमध्ये किमान निम्मा गहू असतो, त्यामुळे घोट भरदार लागतो. तरी शेवट कोरडा, म्हणजे गोडवा न रेंगाळणारा, आणि बुडबुडे चुरचुरीत हवेत. किंचित आंबटपणा चालतो, व्हिनेगर नाही. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे माल जुना. सोया सॉससारखी झाक म्हणजे यीस्ट मरून कुजलंय. लोण्याचा वास म्हणजे डायअसिटाइल हे संयुग, बहुधा आंबवण्यात घाई. मलमपट्टीचा वास आला तर पुढे चाखू नका, ओतून द्या.

शेवटचा पाव ग्लास मुद्दाम राखून ठेवा आणि कोमट होत आला की परत हुंगा; थंडपणात लपलेले दोष तेव्हा वर येतात.