सोयाबीन: बियाण्याचे किलो नको, तासातली झाडे मोजा

पेरणी तोंडावर आली की सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो, "एकरी किती किलो टाकायचे?" उत्तरही ठरलेलेच असते: ३० किलो. कुणाला उगवणीची धास्ती असली की ते ३५ किंवा ४० वर जाते. पण सोयाबीनचे उत्पादन पोत्यातल्या किलोवर ठरत नाही. एका मीटर तासात (म्हणजे पेरणीच्या ओळीत) किती झाडे उभी राहिली आणि ती एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, यावर ते ठरते.

दोन तासांत ४५ सेंमी आणि दोन झाडांत ५ सेंमी अंतर ही रूढ शिफारस आहे. त्या हिशोबाने मीटरभर तासात २० झाडे, चौरस मीटरला ४४ आणि एकरात साधारण १ लाख ८० हजार झाडे बसतात. बियाणे किती लागेल, ते दाण्याच्या वजनावर आणि उगवणीवर अवलंबून आहे. १०० दाण्यांचे वजन १२ ग्रॅम आणि उगवण ७० टक्के असेल तर एकरी ३१ किलोच्या आसपास लागते. दाणा टपोरा, १५ ग्रॅमचा असेल तर ३८ ते ३९ किलो आणि बारीक, १० ग्रॅमचा असेल तर २६ किलो पुरते. म्हणजे तेच ३० किलो एका शेतात विरळ पडतात, तर दुसऱ्या शेतात दाट. हिशोब सोपा आहे: एकरी झाडांच्या संख्येला १०० दाण्यांच्या ग्रॅममधील वजनाने गुणा, आलेल्या आकड्याला उगवणीच्या टक्क्याने भागा आणि पुन्हा हजाराने भागा. उत्तर किलोत येते. उगवणीचा टक्का काढण्यासाठी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका, आणि आठवड्याने कोंब मोजा. ही चाचणी कृपा करून चुकवू नका. सोयाबीनच्या दाण्याची साल फार पातळ असते. थप्पीखाली दबलेले किंवा आपटलेले पोते वरून चांगले दिसते, पण उगवणीत मार खाते.

"दाट पेरले तर जास्त पिकेल" हा समज मात्र मनातून निघता निघत नाही. शेंगा भरत असताना दाट तासातले एक झाड उपटून पाहा. खोड बारीक, दोन पेरांतले अंतर लांबलेले, खालच्या अर्ध्या भागात पाने पिवळी पडून गळालेली, फांद्या नाहीत आणि शेंगा फक्त शेंड्याकडे. आता जिथे झाडाला मोकळी जागा मिळाली तिथले झाड उपटा. ते ठेंगणे, जाड खोडाचे, बुडापासून फांद्या फुटलेले आणि खालच्या पेरापासून शेंगा लागलेले दिसेल. दाटीत झाडे उजेडासाठी नुसती उंच वाढतात. आत अंधार झाला की खालची फुले आणि कोवळ्या शेंगा गळतात. हवा खेळत नाही, पाने उशिरापर्यंत ओली राहतात, मग तांबेरा (पानांवरचा बुरशीचा रोग) आणि शेंगा करपणाऱ्या रोगांना आयतीच जागा मिळते. फवारणीचे द्रावण वरच्या पानांवरच थांबते आणि जोराच्या पावसात पीक लोळते.

म्हणून फार विरळ पेरावे असेही नाही. सोयाबीन फांद्या काढून मोकळी जागा बऱ्याच अंशी भरून काढते. निम्मी झाडे उरली तरी ती सारख्या अंतरावर असतील तर उत्पादन निम्म्यावर येत नाही. पण या भरपाईला मर्यादा आहे. फुले लागेपर्यंत तासांमधली जमीन पानांनी झाकली गेली नाही तर ऊन जमिनीवर वाया जाते, ओल उडते आणि तण माजते. शिवाय विरळ पिकात खालच्या शेंगा जमिनीलगत लागतात, त्या यंत्राने कापणी करताना मागेच राहतात.

जमीन आणि वाण पाहून अंतर बदलावे. भारी, कसदार जमिनीत उशिरा येणारे, पसरणारे वाण असेल तर तास ४५ सेंमीच ठेवा, पण झाडांतले अंतर ८ ते १० सेंमी करा. हलकी जमीन, उभट आणि लवकर येणारे वाण असेल तर ४५ × ५ सेंमी ठीक आहे किंवा तास ३० सेंमीवर आणा. इथे एक चूक हमखास होते. तास ३० सेंमीवर आणतात, पण झाडांतले अंतर ५ सेंमीच ठेवतात. मग चौरस मीटरला ६६ झाडे होतात! तास ३० सेंमी असेल तर झाडांत साडेसात सेंमी अंतर हवे. पेरणी उशिरा झाली तर मात्र दाटी थोडी वाढवावी, कारण अशा पिकाला लवकर फूल येते आणि फांद्या फुटायला वेळच मिळत नाही.

पेरणीआधी यंत्र कडक जमिनीवर १० मीटर चालवून प्रत्येक सरत्यातून (बी सोडणाऱ्या नळीतून) पडलेले दाणे मोजा. एका सरत्यातून मीटरला ३५ आणि दुसऱ्यातून १५ पडत असतील तर सरासरी बरोबर दिसते, पण एक तास गुदमरतो आणि शेजारचा रिकामा राहतो. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन चांगला वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्यावरच पेरा आणि बी ३ ते ५ सेंमीपेक्षा खोल जाऊ देऊ नका. दर चार किंवा सहा तासांनंतर एक सरता बंद ठेवून पट्टा पद्धतीने पेरणे मला फार उपयोगाचे वाटते. रिकाम्या तासात डवऱ्याने सरी काढली की जास्तीचे पाणी निघून जाते, खंड पडला तर ओल टिकते आणि फवारणीला पाय ठेवायला जागा मिळते. वरंब्यावर टोकण करणार (दाणे हाताने टोचून लावणार) असाल तर १५ सेंमीवर दोन-दोन दाणे टाका. ४५ सेंमी ओळीत एकरी साधारण १४ ते १५ किलो बियाणे पुरते. मात्र उगवण चांगली असेल तरच हा मार्ग धरा.

पेरणीनंतर १२ ते १५ दिवसांनी टेप घेऊन शेतात जा. ४५ सेंमी तासात २ मीटर २२ सेंमी लांबीतली झाडे म्हणजे एक चौरस मीटरमधली झाडे. ३० सेंमी तासात हीच लांबी ३ मीटर ३३ सेंमी होते. शेताच्या निदान आठ-दहा ठिकाणी मोजा, फक्त बांधाकडेने नको. झाडे कमी पण सारख्या अंतरावर असतील तर मोडून दुबार पेरणी करण्याची घाई करू नका. नांग्या (रिकाम्या जागा) भरायच्या असतील तर या मोजणीची वाट न पाहता उगवल्यावर पहिल्या आठवड्यातच भरा, नंतर लावलेली रोपे शेजाऱ्यांच्या सावलीत दबून जातात.

पीक दाट झाले असेल तर युरियाचा हात अजिबात देऊ नका. मुळांवरच्या गाठी नत्र देतच असतात, वरून दिलेला युरिया पाला आणखी वाढवतो. अशा शेतात दोन तासांमध्ये वाकून पानांच्या आत पाहा, रोग आणि अळी तिथेच आधी दिसते. फवारताना पाणी पुरेसे घ्या आणि नोझल खालच्या पानांपर्यंत न्या.