‘हे तर आपल्या गावासारखंच!’ : टांझानियाच्या खेड्यात शिकवायला जाताय? या चुका टाळा

म्वान्झा शहरातून बाहेर पडल्यावर पहिल्याच नाक्यावर एक तीनचाकी रिक्षा आडवी आली. ड्रायव्हर तिला ‘बजाजी’ म्हणाला. तिथे तीनचाकीला तेच नाव आहे, आपल्या पुण्याच्या कंपनीवरून पडलेलं. पुढे टपरीवर ‘चाय’ आणि ‘चपाती’ मिळाली, पैशाला ‘पेसा’, गोणीला ‘गुनिया’, मोटारीला ‘गारी’ आणि लाखाला चक्क ‘लाकी’ म्हणताना ऐकलं. सातारा जिल्ह्यात सव्वीस वर्षं गणित शिकवून व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या एका खेड्यात वर्षभरासाठी गेलेली मी मनात म्हटलं, अगं, हे तर आपलंच!

माझ्या निम्म्याहून जास्त चुका या एका वाक्यातून निघाल्या. युरोपातून आलेल्या माणसाला तिथे सगळंच नवं, त्यामुळे तो जपून पाऊल टाकतो. आपल्याला अर्धं ओळखीचं वाटतं आणि उरलेल्या अर्ध्यावर पाय घसरतो.

काका, दादा, मामा

बसच्या कंडक्टरला मी सवयीने ‘दादा’ म्हणाले. अख्खी बस हसली. स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण, आणि ‘काका’ म्हणजे भाऊ. ‘मामा’ म्हणजे आई. आपण लाडाने लहान पोराला ‘बाबू’ म्हणतो, तिथे ‘बाबू’ म्हणजे आजोबा. (शाळेच्या पहारेकऱ्याच्या चार वर्षांच्या नातवाला मी आठवडाभर आजोबा म्हणत होते. त्याची काही तक्रार नव्हती.) तेव्हा कंडक्टर, दुकानदार, तरुण सहशिक्षक हे ‘काका’, त्यांच्या वयाची बाई ‘दादा’, आणि मुलंबाळं असलेली कोणतीही बाई ‘मामा’. हे चार शब्द विमानातच पाठ करा.

चार म्हणजे किती वाजता?

पालकसभेचा निरोप आला: ‘सा न्ने’. सा म्हणजे वाजता, न्ने म्हणजे चार. मी दुपारी चारला नीटनेटकी साडी नेसून हजर. शाळेत बाक उचलणारी दोन मुलं होती. सभा सकाळी दहालाच होऊन गेली होती.

स्वाहिली घड्याळ उजाडल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, दहा म्हणजे चार, संध्याकाळचे सहा म्हणजे बारा. अंधार पडला की पुन्हा एकपासून. हिशेब एकच, सहा मिळवा किंवा सहा वजा करा. खरी अडचण अशी की छापील वेळापत्रक आणि मोबाईल आपल्या पद्धतीने चालतात, तोंडी निरोप त्यांच्या पद्धतीने. लांबच्या बसचं तिकीट काढताना तर दोनदा विचारा, ‘असुबुही’ म्हणजे सकाळी की ‘उसिकू’ म्हणजे रात्री. विचारण्यात कमीपणा नाही, बस चुकली तर मात्र पूर्ण दिवस जातो.

वारांचीही एक गंमत. आकडे शिकलेला माणूस ‘जुमाताटू’तला ‘ताटू’ म्हणजे तीन ओळखतो आणि तिसरा वार म्हणून बुधवार धरून बसतो. तो सोमवार असतो, कारण मोजणी शनिवारपासून सुरू होते.

थेट कामाला हात घालणं

ही चूक मी दोन महिने केली आणि मला कोणी सांगितलंही नाही, कारण तिथे असं तोंडावर सांगत नाहीत. स्टाफरूममध्ये शिरायचं आणि ‘फॉर्म वनचं हजेरीपत्रक कुठंय?’ आपल्याकडे यात काही वावगं नाही. तिथे हे दार लाथेने उघडल्यासारखं आहे. आधी सकाळ कशी आहे, घरचे कसे आहेत, मुलं कशी, काम कसं चाललंय, हे सगळं व्हायला हवं. प्रत्येकाचं उत्तर ‘न्झुरी’ किंवा ‘सलामा’, म्हणजे छान, क्षेम. घरी कोणी आजारी असलं तरी आधी ‘न्झुरी’च, खरी गोष्ट मागाहून येते. तुम्ही पहिल्या ‘न्झुरी’वर विषय बदललात तर ती येतच नाही.

मोठ्यांना ‘शिकामो’ म्हणायचं. मुलं तुम्हाला म्हणतील तेव्हा उत्तर ‘मराहाबा’. मी आदराने उलट ‘शिकामो’ म्हणत राहिले, म्हणजे आशीर्वाद द्यायच्या जागी सातवीतल्या पोरांच्या पाया पडत होते म्हणा ना! कोणाच्या घरी गेलात तर दारात उभं राहून ‘होदी’ अशी हाक द्या, आतून ‘करिबू’ आल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. आणि ‘पोले’ हा शब्द भरपूर वापरा. ठेच लागली, ओझं उचललं, प्रवास झाला, काम करून दमला, सगळ्याला ‘पोले’. त्यात माफी नाही, फक्त ‘तुझा त्रास मला दिसतोय’ एवढंच आहे. मराठीत याला नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही.

गावात पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत ग्रामकार्यालयात जाऊन तिथल्या ‘म्तेन्दाजी’ला, म्हणजे आपल्या ग्रामसेवकासारख्या अधिकाऱ्याला, भेटा आणि पाहुण्यांच्या वहीत नाव लिहा. ती वही प्रत्येक कचेरीत असते. तीत नाव नाही तोवर तुम्ही आलेलेच नाहीत.

वर्गात: ‘येस, मॅडम’वर विश्वास ठेवणं

आता मूळ कामाकडे. सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते, आणि फॉर्म वनला, म्हणजे साधारण आपल्या आठवीच्या वयात, स्वाहिलीसारखा विषय सोडला तर जवळपास सगळे विषय एकदम इंग्रजीत होतात. आमच्या भागातल्या सुकुमा जमातीच्या मुलांची घरची भाषा आणखी वेगळी, म्हणजे इंग्रजी तिसरी. २०१६पासून सरकारी शाळांत फॉर्म फोरपर्यंत फी माफ झाल्यावर पटसंख्या फुगली. माझ्या वर्गात ७०च्या वर मुलं होती, बाकावर चार-चार.

मी समीकरणं शिकवली. ‘अंडरस्टँड?’ ‘येस, मॅडम!’ एका सुरात, छप्पर हादरेल असं. चाचणीत निम्म्या वह्या कोऱ्या. मला राग आला, मग आठवलं की आमच्याकडे तपासणीस आले की आम्हीही असंच ओरडायचो. ‘कळलं का’ या प्रश्नाला ‘हो’ हे शिष्टाचाराचं उत्तर आहे, कळण्याशी त्याचा संबंध नाही. तो प्रश्न मी बंदच केला. त्याऐवजी एक उदाहरण द्यायचं आणि सगळ्यांनी उत्तर वहीच्या मागच्या पानावर मोठं लिहून वर धरायचं. दहा सेकंदांत पाणी किती खोल आहे ते दिसतं.

दुसरं म्हणजे गणित त्यांना येत होतं, गणिताचं इंग्रजी येत नव्हतं. ‘डिफरन्स’ विचारलं की ते काय वेगळं आहे ते शोधत. फळ्याच्या कोपऱ्यात मी कायमची चौकट आखली: जुम्लिशा, तोआ, झिदिशा, गवन्या, म्हणजे बेरीज कर, वजा कर, गुण, भाग. समोर इंग्रजी शब्द. शिकवण्याची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे याआधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. मी न विचारता केलं आणि ते त्यांना दुसऱ्याकडून कळलं. त्यांनी नुसतं ‘करिबू’ म्हणून चहा पाजला, पण पुढचे आठ दिवस माझे तास कोणीतरी खिडकीतून पाहत होतं.

आता खास आपल्या मराठी चुका. मी फळ्यावर १,००,००० लिहिलं. मुलं गोंधळली, कारण तिथे स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांनी पडतो, १००,०००. शब्द ‘लाकी’ तोच, लिहिणं वेगळं. ‘डबल फाइव्ह’ म्हटलं की कोणी दहा लिहितं, कोणी एकच पाच. आणि मान! एका मुलीने बाहेर जाऊ का विचारलं, मी आपली मान डोलावली. ती उभीच. पुन्हा विचारलं, मी पुन्हा डोलावली. तिला ते ‘नाही’ वाटत होतं. तोंडाने ‘यस’ म्हणायची सवय लावायला मला महिना गेला.

सुकुमा मुलांच्या बोलण्यात ल आणि र अदलाबदल होतात, त्यावर हसू नका. आपल्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’वर ती मुलं हसत नव्हती असं समजू नका.

छडीचा प्रश्न येणारच. आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने ती गेली. टांझानियात नियमांनी मर्यादित मुभा आहे: मुख्याध्यापकांनी किंवा त्यांनी नेमलेल्यानेच, जास्तीत जास्त चार, आणि नोंद करून. प्रत्यक्षात स्टाफरूमच्या कोपऱ्यात काठी उभी असते. तुमच्या हातात कोणी दिली तर घेऊ नका, पण मुलांसमोर सहकाऱ्याशी भांडूही नका. मी भांडले. त्या दिवशी तो शिक्षक गप्प बसला आणि ज्याच्यासाठी मी भांडले तो माझ्या वर्गातला मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच्या तासाला दुप्पट घाबरला. नंतर चहावर, एकट्याशी बोलल्याचा थोडाफार उपयोग झाला.

‘मी मांस खात नाही’

शाकाहारींनी हे वाक्य शिकून जायचं, ‘सिली न्यामा’, आणि समोर कोंबडी येते. ‘न्यामा’ म्हटलं की डोळ्यांसमोर बैल-बकरी येतात, कोंबडी आणि मासे त्यात धरत नाहीत. तिन्हींची नावं घ्या: न्यामा, कुकू, सामाकी. सरोवराकाठी वाळवलेली छोटी मासळी, ‘दगा’, वासासकट सगळीकडे असते, तिची तयारी ठेवा.

उपाशी मात्र राहणार नाही. ‘चोरोको’ म्हणजे मूग, ‘देंगू’ म्हणजे हरभरा, ‘कुंदे’ म्हणजे चवळी, आणि ‘म्चिचा’ ही आपल्या माठ-राजगिऱ्याची भाजी. मक्याच्या किंवा कसावा या कंदाच्या पिठाचा उगाली हा घट्ट गोळा उजव्या हाताने मोडून, बोटाने खळगा करून, त्यात कालवण घेऊन खायचा. भाकरी खाणाऱ्याला तो जमतो. चपाती मात्र तिथे तेलाची, पदरांची, सणावाराची. रोज कोणाकडे मागू नका. भातासाठी तीन शब्द आहेत, शेतातला ‘म्पुंगा’, दुकानातला ‘म्चेले’, ताटातला ‘वाली’. मी हॉटेलात ‘म्चेले’ मागितले, तर पोरगं विचारायला लागलं, किती किलो.

म्हिंदी म्हणजे पैसेवाला

मुलं तुम्हाला पाहून ‘म्हिंदी!’ ओरडतील. ती शिवी नाही, भारतीय एवढाच अर्थ. (मक्याला ‘माहिंदी’ म्हणतात, तेही हिंदावरूनच.) पण पूर्व आफ्रिकेत भारतीय म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शहरातला दुकानदार, असंच लोकांनी पाहिलेलं. त्यामुळे उसने मागणारे येतात. पहिल्या महिन्यात मी तिघांना ‘एक लाकी’ दिली. लाख शिलिंग म्हणजे साधारण तीन-साडेतीन हजार रुपये, पण तिथल्या गावात ती मोठी रक्कम. परत आली नाहीच, वर ते तिघे मला टाळायला लागले, आणि ओळखीची तीन माणसं गेली ती गेलीच.

त्याऐवजी ‘म्चांगो’ द्या. कोणाचं लग्न, कोणाकडे मयत, स्टाफरूममध्ये वर्गणीची यादी फिरते. इतर शिक्षक देतात तेवढंच द्या, जास्त नको. आणि मयतीला जा. भाषा येत नसली तरी चटईवर तासभर बसा. चॉकलेटं आणि पेनं वाटू नका, आठवड्यात तुमच्या दाराला रांग लागते. द्यायचंच तर शाळेच्या कपाटासाठी खडू, भूमितीची मोठी साधनं, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती.

कपड्यांची आपल्याला चिंता नाही, सलवार-कुर्ता उत्तम. पुरुषांनी अर्धी चड्डी घालून गावात फिरू नये, ती शाळकरी पोरांची.

कागद आणि ताप

पर्यटक व्हिसावर फुकट शिकवणंसुद्धा चालत नाही. स्वयंसेवकांना क्लास सी रेसिडेन्स परमिट लागतं आणि ते बोलावणाऱ्या संस्थेने आधी काढायचं असतं. ‘इथे आल्यावर बघू’ म्हणणाऱ्या संस्थेकडे जाऊ नका. सामानात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा नकोत, १ जून २०१९पासून बंदी आहे. पिवळ्या तापाची लस सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. येताना इथिओपिया किंवा केनियामार्गे आलात आणि दाखला नसला तर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

सरोवराच्या उथळ पाण्यात पाय सोडून बसू नका, कितीही मोह झाला तरी. ‘किचोचो’, म्हणजे बिल्हार्झिया हा पाण्यातल्या कृमींचा रोग, कातडीतून शिरतो. मच्छरदाणी पहिल्या रात्रीपासून. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि बरं वाटतंय म्हणून मधेच सोडू नका. डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते.

मी ती तिसऱ्या आठवड्यात सोडली. साताऱ्यात ताप आला, पावसाळा होता, घरचे म्हणाले व्हायरल असेल. डॉक्टरांनी डेंग्यूची तपासणी लिहून दिली, मीही गप्प. दुसऱ्या रात्री थंडी वाजून दात वाजायला लागले तेव्हा भाचीने विचारलं, ‘मावशी, तू डॉक्टरांना सांगितलंस का, कुठून आलीस ते?’ सांगितलं नव्हतं. परतल्यावर काही महिन्यांत कसलाही ताप आला, तर दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य तेच बोला, आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.