मार्कीज हिऱ्याचे कानातले घेताना आधी टोकं बघा

हिरा म्हटलं की बहुतेक जण आधी कॅरेट विचारतात. मार्कीजमध्ये, म्हणजे होडीसारख्या लांबट आकाराच्या हिऱ्यात, मी आधी टोकं बघायला सांगेन. दोन्हीकडे निमुळता असल्याने टवका उडायचा तर टोकालाच उडतो, म्हणून तिथे व्ही आकाराचे प्राँग (हिरा धरून ठेवणारे धातूचे आकडे) किंवा बंद कोंदण हवंच. मग हिरा हळूहळू कलता करून बघा. मधोमध बो-टायसारखा काळपट पट्टा दिसेल. थोडा असतोच, पण कुठूनही बघितलं तरी हटत नसेल, तर तो नग सोडून द्या. लांबी रुंदीच्या 1.75 ते 2.25 पट असली की आकार सहसा डौलदार दिसतो, पण कानातल्यांत जोडी जुळणं त्याहून महत्त्वाचं. एक जाडसर, एक सडपातळ असेल तर कानात लगेच कळतं.

धुवायला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब नि मऊ ब्रश पुरे (बेसिनवर नको, वाटीत धुवा). मागून नीट घासा, तेलकटपणा तिथेच साचतो. डबीत दोन्ही वेगळे ठेवा. हिऱ्याने हिऱ्यावरही ओरखडा पडतो. केस किंवा स्वेटर टोकाला अडकायला लागला, तर प्राँग उचलला गेला असणार. घालणं थांबवून सराफाला दाखवा.