कापणीचा दिवस चुकला की चारा चुकला: गोठ्यासाठी चारा पिकवताना या चुका टाळा

दूध कमी झालं की आधी पेंडीची गोणी बदलली जाते. मग मिनरल मिक्श्चर बदलतं, मग डॉक्टर. चाऱ्याच्या रानाकडे सगळ्यात शेवटी बघितलं जातं, कारण रान हिरवंगार दिसत असतं. बी चांगलं, खत वेळेवर, पाण्याचीही अडचण नाही, मग चाऱ्यात काय खोट असणार? बहुतेक वेळा खोट असते कापणीच्या दिवसात. चारा कापताना आपण उंची बघतो, बघायला हवं ते वय.

नेपिअर डोक्याच्या वर गेलं म्हणजे फायदा झाला, हा समज

फुले जयवंत असो, डीएचएन-6 असो की को-4, कुठल्याही जातीच्या संकरित नेपिअर गवताची पहिली कापणी लागणीनंतर 60 ते 70 दिवसांनी आणि पुढच्या कापण्या दर 40 ते 45 दिवसांनी, हे वेळापत्रक बहुतेकांना पाठ असतं. तरी रानात गेलं की आठ-दहा फुटांचं नेपिअर उभं दिसतं. वजन भरपूर मिळतं हे खरं, पण कांडी जून होते, प्रथिनं घटतात आणि पचायला अवघड असा काष्ठभाग वाढतो.

संध्याकाळी गव्हाणीत काय उरलंय ते बघा. बोटाएवढ्या जाडीचे, आतून पांढरट, चिमटीत दाबून न दबणारे तुकडे उरले असतील तर ते पीक दोन-तीन आठवडे आधीच कापायला हवं होतं. कुट्टी बारीक केली तर ते तुकडे गाईच्या पोटात जातील, पण त्यांचं दूध होणार नाही.

उशीर का होतो? सगळं रान एकाच दिवशी लावलेलं असतं, म्हणून ते एकदमच कापणीला येतं. शेवटच्या सरीपर्यंत पोहोचेस्तोवर तिथलं गवत जून झालेलं असतं. यावर उपाय पट्ट्यांचा. चांगल्या व्यवस्थापनात एकरी वर्षाला 60 ते 80 टन नेपिअर मिळतं असं धरलं तर एका गुंठ्याला दिवसाला सरासरी चार ते साडेपाच किलो पडतात. गाईला रोज 15 किलो द्यायचं ठरवलं तर एका गाईमागे तीन ते साडेतीन गुंठे लागतात, म्हणजे चार गाईंना 12 ते 14 गुंठे. त्याचे सहा पट्टे पाडा आणि एक पट्टा एक आठवडा पुरवा. सातव्या आठवड्यात पहिल्या पट्ट्यावर परत याल तेव्हा त्याचं वय 42 दिवस असेल.

पावसाळ्यात वाढ जोरात असते, तेव्हा आठवडा संपला तरी पट्ट्यात गवत उरतं. ते उभं ठेवू नका. कापा आणि सुकवा किंवा त्याचा मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) करा, पण पुढच्या पट्ट्याचा दिवस चुकवू नका. थंडीत वाढ मंदावते. तेव्हाची तूट कडवळ (चाऱ्याची ज्वारी), लसूणघास किंवा मक्यानं भरून काढायची असते, आणि त्याची पेरणी दिवाळीच्या सुमारास झालेली असावी लागते.

कोवळी ज्वारी: इथे चूक जिवावर बेतते

नेपिअरला उशीर नडतो, ज्वारीला घाई. फुलोऱ्याच्या आधीच्या कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. पाण्याचा ताण बसलेलं पीक आणि कापणीनंतर बुडख्यातून आलेले हिरवे फुटवे तर सर्वांत धोक्याचे. या विषबाधेलाच किरळ लागणं म्हणतात. किरळ लागलेलं जनावर धापा टाकतं, लटपटतं, तोंडाला फेस येतो, आणि कधी कधी डॉक्टर पोहोचायच्या आत जातं. कडवळ निम्म्याहून जास्त फुलोऱ्यात आल्याशिवाय विळा लावू नये. ज्वारी काढलेल्या रानात फुटवे दिसत असतील तर जनावर मोकळं सोडू नये. एवढं पाळलं तरी बहुतेक प्रसंग टळतात. व्यवस्थित वाळवलेल्या कडब्यात हा धोका बराच कमी होतो.

वाळवण्याचा हा नियम नायट्रेटच्या विषबाधेला मात्र लावू नका. युरियाचा मोठा हप्ता दिला, त्यानंतर पाऊस ओढला किंवा बरेच दिवस ढगाळ गेले, की मका, ज्वारी, बाजरी यांच्या खालच्या कांड्यांत नायट्रेट साठतं आणि ते वाळवून जात नाही. अशा पिकाला घाईनं हात लावू नका. कापावंच लागलं तर बुडखा उंच ठेवा आणि दुसरा चारा मिसळून थोडं थोडं द्या. मुरघासात नायट्रेट काही प्रमाणात कमी होतं, पण सगळं जात नाही.

दोन्ही विषबाधांत जनावराची धडपड सारखीच दिसते, इलाज मात्र वेगळे आहेत. एकीवरचं औषध दुसरीत नुकसान करू शकतं. म्हणून डॉक्टरांना फोन करताना जनावरानं काय खाल्लं, पीक किती दिवसांचं होतं आणि युरिया कधी टाकला, हे आधी सांगा. धापा टाकणाऱ्या जनावराला जबरदस्तीनं गुळाचं पाणी पाजू नका. ठसका लागून ते फुफ्फुसात उतरतं.

लसूणघास दव असताना आणि रिकाम्या पोटी

पहाटे कापलेली, दवानं चिंब, कोवळी लसूणघास भुकेल्या गाईपुढे टाकली की पोटफुगीला आमंत्रण. आधी कडब्याची कुट्टी द्या. घास दोन-तीन तास सुकू द्या आणि दुसऱ्या चाऱ्यात मिसळूनच गव्हाणीत टाका. दुधाला फॅट कमी लागत असेल तर हाही प्रश्न स्वतःला विचारा: गाईला कोरडा चारा पुरेसा मिळतोय का? हिरवं मुबलक आणि कडबा नावापुरता, असं असेल तर रवंथ कमी होतो आणि फॅट उतरते.

मुरघास: मका लवकर कापला, खड्डा मोठा केला

सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

पहिली चूक पेरणीच्या दिवशीच होते. हिरव्या चाऱ्यासाठी दाट फेकून पेरलेला मका मुरघासाला चालवला जातो. दाट पिकाला कणसं धड भरत नाहीत, आणि मुरघासातली ताकद तर दाण्यात असते. मुरघासाचा मका धान्याच्या मक्यासारखा, ओळीत आणि अंतर राखूनच लावावा.

दुसरी चूक कापणीची. मधलं एखादं कणीस मधोमध मोडा आणि तुटलेल्या बाजूचे दाणे जवळून बघा. वरून पिवळा घट्ट भाग आणि खालून पांढरा चीक, यांच्यामध्ये एक रेघ दिसते. ती दाण्याच्या साधारण निम्म्यावर आली की कापा. जातीप्रमाणे पीक तेव्हा 80 ते 90 दिवसांचं असतं, पण हंगामानुसार हे मागेपुढे होतं, म्हणून खरा भरवसा दाण्यावर ठेवा. मग कुट्टीची मूठ घट्ट दाबून सोडा. बोटांतून पाणी गळलं तर पीक अजून ओलं आहे. गोळा लगेच विस्कटला तर उशीर झालाय. गोळा हळूहळू उलगडला आणि तळहात नुसता ओलसर झाला की योग्य वेळ आली. तेव्हा पिकात 65 ते 70 टक्के पाणी असतं.

तिसरी चूक खड्ड्याच्या मापाची, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. पाच गाईंना रोज 20 किलोप्रमाणे 100 किलो मुरघास लागतो, फेब्रुवारी ते मे या 120 दिवसांचे 12 टन. एकरभर चांगला मका एवढं सहज देतो. त्यासाठी 16 फूट लांब, 8 फूट रुंद, 6 फूट उंच खड्डा बांधला की हिशोब बसल्यासारखा वाटतो. पण घनफुटाला 16 किलो धरले तर 100 किलो म्हणजे सव्वासहा घनफूट. 8 बाय 6 च्या तोंडावरून रोज जेमतेम दीड इंचाचा थर निघेल, आणि उन्हाळ्यात रोज निदान पाच-सहा इंच थर निघाला नाही तर आत शिरलेली हवा तोंड तापवते, बुरशी येते. पाच गाईंच्या गोठ्याला 4 बाय 3 फुटांचं तोंड पुरे, लांबी हवी तेवढी ठेवा. तेवढी जागा नसेल तर सरळ टनाच्या बॅगा भरा. एक बॅग दहा दिवसांत संपते. दोन-तीन गाई असतील तर 50 किलोच्या बॅगा बऱ्या.

भरताना कुट्टी दोन सेंटिमीटरच्या आसपास ठेवा, थर सहा इंचांचा घ्या आणि दरवेळी कोपरे पायांनी नीट दाबा. हवा कोपऱ्यातच राहते. भरणी एक-दोन दिवसांत संपवून लगेच झाका आणि 45 दिवस उघडू नका. मक्यात साखर पुरेशी असते, त्यामुळे गूळ किंवा मळी (मोलॅसिस) विकत आणायची गरज नाही. नेपिअरचा मुरघास करायचा असेल तर मात्र गवत आधी सुकवावं लागतं आणि मळीही लागते.

उघडल्यावर नाक आणि डोळे वापरा. आंबूस वास आणि पिवळसर सोनेरी रंग असेल तर मुरघास जमला. कुजकट, सडलेल्या लोण्यासारखा वास आणि बुडातून काळं पाणी येत असेल तर पीक ओलं होतं. जळक्या तंबाखूसारखा वास आणि तपकिरी रंग म्हणजे दाबणी कमी पडून आत उष्णता झाली. शेणात अख्खे दाणे दिसले तर मका जास्त पिकला किंवा दाणा फुटलाच नाही.

बुरशीचा ढेकूळ बाजूला काढून बाकीचं देणं धोक्याचं आहे, त्याच्या आसपासचं हातभर तरी फेका. बुरशीचं काही विष डोळ्यांना दिसत नाही. अफ्लाटॉक्सिन हे असंच एक विष, ते चाऱ्यातून किंवा पेंडीतून दुधात उतरतं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात 6,432 पैकी 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेपेक्षा जास्त आढळलं होतं. ते दूध लहान मुलं पितात. गाभण गाईला तर बुरशी लागलेलं काहीच नको.

वाढ्यांवर हंगाम काढणे

कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापासून अहिल्यानगरपर्यंत साखर कारखाने सुरू झाले की वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या दारात येतात आणि चार-पाच महिने त्यावरच गोठा चालतो. वाढ्यांत ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि गाईला लागू देत नाही. व्यायल्यावर गाय बसली, कान गार पडले, की कॅल्शियमच्या सलाइनची धावपळ सुरू होते. वाढे बंद करा असं नाही, एवढा स्वस्त हिरवा चारा कोण सोडेल? पण त्यात निम्मा दुसरा चारा हवा, शक्यतो लसूणघास किंवा चवळीसारखा द्विदल. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा आणि खनिज मिश्रण रोज द्या. विण्याच्या आधीचे शेवटचे तीन आठवडे तरी वाढे थांबवा आणि त्या काळात गाईला काय, किती द्यायचं हे पशुवैद्यकांना विचारून ठरवा.

मक्यावर फवारणी करताना

2018 पासून अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडे आली आहे आणि मका फवारल्याशिवाय हाती लागणं कठीण झालंय. धान्याच्या मक्याला फवारणी आणि काढणी यांत बराच काळ जातो, चाऱ्याच्या मक्याला तो मिळत नाही. औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवस कापायचं नाही ते लिहिलेलं असतं. तो आकडा दुकानातच वाचा, कापणीच्या ठरलेल्या दिवसातून तो वजा करा आणि तारीख जुळत नसेल तर ते औषध घेऊच नका. पोंग्यात अळी लहान असतानाच निंबोळी अर्क मारला तर पुढची बरीच अडचण टळते. फवारलेल्या पट्ट्याच्या बांधावर काठी रोवून तिला लाल फडकं बांधा, म्हणजे सकाळी चारा आणायला घरातलं जे कुणी जाईल, ते तिथे विळा लावणार नाही.