रॉबिन हूड्स बेला निघण्याआधी: आई-बाबा, पोरं आणि बंड्या

आधी कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. थट्टा नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबी शहराच्या दक्षिणेला रॉबिन हूड्स बे नावाचं गाव आहे. तिथे जायचं तर हॉटेल, हवामान, खाऊ हे सगळं नंतर, पहिली बघायची ती भरती-ओहोटी. भरतीला गावातली बोटी उतरवायची फरसबंदी संपते तिथेच पाणी सुरू होतं. पुळण नावाला उरत नाही. आम्ही पहिल्यांदा लीड्सहून दोन तास गाडी हाकत गेलो, पोरं बादल्या घेऊन खाली धावली आणि समोर नुसत्या लाटा. बंड्या, म्हणजे आमचा कुत्रा, तेवढा खूश होता.

आई रत्नागिरीची. तिने दुसऱ्या खेपेला फोनला हात न लावता सांगितलं, ‘अमावस्या आहे, उधाण असणार.’ आणि होतंच. या किनाऱ्याचं एक बरं आहे. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती पहाटे आणि दुपारी चार-पाचच्या सुमाराला येते, म्हणजे मोठी ओहोटी दुपारच्या आधी मिळते. उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, पाणी तेवढं उतरत नाही आणि ओहोटीची वेळही गैरसोयीची पडते. तिथीवरून शनिवार ठरवा, पण नेमकी वेळ छापील किंवा ऑनलाइन तक्त्यातूनच घ्या. एक गोम लक्षात ठेवा: काही तक्ते ग्रिनिचच्या वेळेत असतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. तो तास विसरलात की सगळा बेत तासभर चुकतो.

ओहोटीची वेळ कागदावर मोठ्या आकड्यांत लिहा, गाडीत चिकटवा आणि बाकीचा दिवस त्या आकड्यापासून मागे मोजत आखा. ओहोटी साडेअकराला असेल तर साडेनऊला वाळूवर पाय हवेत, म्हणजे घरातून सातच्या आत निघायला हवं. आमच्याकडे सातला निघायचं म्हणजे सहाला चहा आणि साडेसहाला भांडण, ते धरून चाला.

आता गुडघ्यांचा प्रश्न. गाड्या वरच, जुन्या रेल्वे स्टेशनच्या आवारात किंवा त्याच्या आसपास लावायच्या. तिथून समुद्रापर्यंतचा रस्ता एकास तीन उताराचा आहे, तीन फूट पुढे गेलं की एक फूट खाली. उतरताना गंमत वाटते. दोन्ही बाजूंना एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी घरं, मधून बोळ. गाव एकेकाळी तस्करीसाठी बदनाम होतं. खालून वरपर्यंत रेशमाचा तागा उजेड न लागता घराघरांतून पोचायचा, असं सांगतात. चढताना मात्र कोणाला गोष्टी सुचत नाहीत. बाबांनी चार ठिकाणी ‘जरा समुद्र बघतो’ म्हणून विसावा घेतला. म्हणून काठी घ्या, रबरी तळव्याचे बूट घ्या, चपला-सँडल घरी ठेवा. बाबागाडीऐवजी पाठीवरची झोळी घ्या. आणि वडीलधारे सोबत असतील तर कुत्र्याची दोरी उतारावर त्यांच्या हातात अजिबात देऊ नका.

गुडघे खरोखरच कुरकुरत असतील तर मी सरळ सँड्सएंड सांगेन. व्हिटबीच्या पलीकडे साधारण पाच किलोमीटरवर, रस्त्याला लागूनच किनारा. आजी-आजोबांनी बाकावर बसून थर्मासातला चहा घ्यावा आणि पोरांना दोन ओढ्यांपाशी सोडावं. समुद्राला मिळणाऱ्या त्या उथळ ओढ्यांवर दगडांचे बांध घालण्यात आमची दुपार जाते. ओहोटीला तिथून थेट व्हिटबीपर्यंत वाळूवरून चालत जाता येतं. कुत्र्याला सँड्सएंडला मज्जाव नाही, पण व्हिटबीच्या बाजूच्या काही भागात १ मे ते ३० सप्टेंबर बंदी असते. म्हणून सीमेवरची पाटी वाचून मगच पुढे जा, दंड होतो. रॉबिन हूड्स बे आणि रन्सविक बे इथे कुत्रा बारा महिने चालतो.

रन्सविक बे व्हिटबीच्या उत्तरेला. लाल कौलांची घरं, अर्धचंद्राकार वाळू, पोहण्या-खेळण्यासाठी तिघांत मला तोच आवडतो. जुनं गाव १६८२ मध्ये कडा घसरून समुद्रात गेलं होतं. वाळूवरून पुढे गेलं की कड्यात गुहा लागतात. तिथे ‘हॉब’ नावाचा भुताळी बुटका राहतो आणि तो डांग्या खोकला बरा करतो अशी समजूत होती. आया पोरांना घेऊन गुहेच्या तोंडाशी यायच्या आणि त्याला हाक मारून गाऱ्हाणं घालायच्या. हे सांगितल्यावर आईला इंग्लंड पहिल्यांदा ओळखीचं वाटलं. ‘म्हणजे हे पण आपल्यातलेच,’ म्हणाली.

रॉबिन हूड्स बेला पोरांचं खरं आकर्षण खडकांचं. पाणी उतरलं की काळ्या-करड्या खडकांच्या लांबच लांब वक्र पट्ट्या उघड्या पडतात. मधल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं आणि नशीब असेल तर सुट्या गोट्यांत जुरासिक काळातला अमोनाइट, म्हणजे दगड झालेला समुद्रजीवाचा शंख, गुंडाळलेल्या चकलीसारखा. बादली न्या, जाळी न्या, जुने बूट न्या, कारण शेवाळावर अनवाणी पाय ठरत नाही. हातोडी नेऊ नका. कड्याखाली सावलीला बसू नका, ती माती ठिसूळ आहे आणि दगड सांगून पडत नाहीत. वाळूवरून दक्षिणेला बॉगल होल नावाच्या छोट्या खाडीपर्यंत जाता येतं, फार लांब नाही, पण पाणी उतरत असतानाच निघा आणि कागदावरचा तो आकडा झाला की परत फिरा. उशीर झालाच तर वाळूचा नाद सोडून कड्यावरच्या पायवाटेने या. तिथे कुत्र्याला दोरी हवीच, एका बाजूला मेंढ्या आणि दुसऱ्या बाजूला कडा. खाडीच्या दक्षिण टोकाला, रेव्हन्सकार गावाखाली, सील नावाचे समुद्री प्राणी असतात. तिथे बंड्याला नेतच नाही. कोणी अडकलेलं दिसलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा. मला खाली रेंज दगा देते, म्हणून हे पोरांनाही आधीच सांगून ठेवलंय.

बंड्याची पिशवी वेगळी. पट्ट्याला मालकाचं नाव आणि पत्ता असलेली पट्टी हवी, तो कायदा आहे. मायक्रोचिपही सक्तीची, त्यावरचा फोन नंबर बदललाय का ते आदल्या आठवड्यात बघा. गोड्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि वाडगा घ्या, नाहीतर तो खारं पाणी पितो आणि परतीच्या वाटेवर गाडीत ओकतो. विष्ठेच्या पिशव्या लागतील वाटतात त्याच्या दुप्पट. वाळूवर पांढरे मेणचट गोळे दिसले तर त्याला लांब ओढा, ते वाहून आलेलं पामतेल असू शकतं आणि कुत्र्यांना ते घातक.

आणि आता डबा. याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथे आमचं चुकलंय. गेल्या वर्षी आईने हौसेने शिरा केला, भरपूर बेदाणे घालून. धाकटीने वाटी वाळूवर ठेवली, वळून बघते तर वाटी चाटूनपुसून लख्ख. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे मला माहीत होतं. आईला सांगायचं राहून गेलं होतं. मग सामान गोळा करून तो चढ धावत चढलो, जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन सगळं ओकायला लावलं, आणि आई घरी येईपर्यंत बोलली नाही. बंड्या ठणठणीत आहे. पण तेव्हापासून सहलीच्या डब्यात बेदाणे नाहीत, चॉकलेट नाही, आणि भेळेत कांदा नाही, कारण तोही त्याला विषच. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेले बटाटे असं नेतो. जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर आता कागदावर त्या ओहोटीच्या आकड्याखालीच लिहिलेला असतो.

बाहेर खायचं असेल तर शाकाहाऱ्यांनी चिप्स मागण्याआधी कशात तळल्यात ते विचारा. यॉर्कशरात अनेक ठिकाणी अजून गाईच्या चरबीत तळतात. आणि कागदाची पुडी उघड्यावर धरू नका, समुद्रपक्षी हातातून नेतात.

कपडे म्हणाल तर जुलैतही स्वेटर आणि वाऱ्याचं जाकीट. ऊन असताना समुद्रावरून धुकं येतं, इथले लोक त्याला फ्रेट म्हणतात, आणि पंधरा मिनिटांत महाबळेश्वर होतं. पाणी भर उन्हाळ्यातही थंडगारच असतं. पोरं निळी पडली तरी बाहेर येत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला दोन टॉवेल. बंड्याला तिसरा, जुना. मागच्या सीटवर जुनी चादर अंथरा, तिच्यासकट वाळू झटकता येते.

घरी पोचल्यावर सगळ्यांच्या पँट मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे उलटे करा. आमच्या मशीनमध्ये एक अमोनाइट अजून कुठेतरी खडखडतोय.