क्लॅरिनेटचा तो एक सूर शेवटी जागेवर आला

कॉलेजच्या सिंफनिक विंड बँडमध्ये मी सेकंड क्लॅरिनेट वाजवते. स्लो पीसमध्ये एक लांब, अगदी हळू आवाजात धरायचा बी फ्लॅट सूर होता, 'घशातला' (थ्रोट टोन), म्हणजे डाव्या अंगठ्याच्या रजिस्टर कीने वाजणारा, आणि तिथे दर वेळी फ्लूटबरोबर सूर न जुळल्याची थरथर ऐकू यायची. कंडक्टरनी दोनदा थांबवलं, मला रडूच यायचं बाकी होतं.

आधी रीड (तोंडाजवळची वेताची पट्टी) बदलले, मग बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा छोटा तुकडा, बराच बाहेर ओढला, तर बाकीचेही सूर खाली गेले. मग ट्यूनर (सूर मोजायचं यंत्र) स्टँडवर ठेवून एकटीने बसले तेव्हा कळलं की मी थंड वाद्यावर ट्यून करत होते, दहा-पंधरा मिनिटांनी वाद्य तापलं की सगळंच चढायचं. त्यात क्लॅरिनेट हळू आवाजात वाजवलं की चढतं आणि फ्लूट हळू आवाजात वाजवलं की उतरतं, म्हणजे आम्ही दोघी एकमेकींपासून लांब पळत होतो!

आता आधी नीट वॉर्मअप, मगच ट्यूनिंग, बॅरल जेमतेम एक मिलिमीटर बाहेर. आणि खरी जादू म्हणजे त्या बी फ्लॅटला उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका भोकांवर ठेवायची, सूर थोडा उतरतो आणि तो पोकळ, फुसका आवाज जाऊन भरीव येतो. कुठली बोटं हे प्रत्येक वाद्यावर वेगळं असू शकतं, ट्यूनर लावून शोधा. परवा रिहर्सलला फ्लूटवालीने तो सूर धरला, मी आत शिरले आणि थरथर नाहीच, मला खूप म्हणजे खूप आनंद झाला.